पारापासून दारापर्यंत

आमच्या कॉलेजात एक सर होते, ते समोरच्याशी बोलताना डोलायचे. प्यायलेला माणूस डोलतो तसे नाही. आधी डावीकडे हातभर सरकायचे, मग उजवीकडे हातभर, आणि नजर मात्र तुमच्या नाकावर. मी नांदेडच्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजात नवीन लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी स्टाफरूममध्ये त्यांनी माझं नाव विचारलं आणि मी ते सांगेपर्यंत मला दोन्ही बाजूंनी बघून घेतलं. मला वाटलं, माझ्या मागे कुणीतरी उभं आहे आणि मी आड येते आहे. मी बाजूला झाले. तेही तेवढेच बाजूला झाले. मी पुन्हा मूळ जागी आले. बराच वेळ आमचं हे चाललं होतं आणि स्टाफरूममधल्या कुणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं, याचं मला जास्त नवल वाटलं.

पोरं त्यांना लोलक म्हणायची. ते वर्गात शिरले की मागच्या बाकांवरून कुणीतरी घड्याळासारखं टिकटिक करायचं. ते आपल्यासाठी आहे हे सरांना कळत होतं की नाही, मला आजही माहीत नाही. तसं त्यांच्याबद्दल मला बरंच काही आजही माहीत नाही. काही वर्षं शेजारच्या टेबलावर काढूनही त्या माणसाबद्दल ठाम असं एक वाक्य मला बोलता येत नाही. हुशार म्हणावं तर हजेरीचं मस्टर रोज कुठंतरी विसरून यायचे. वेडे म्हणावं तर कुणाचाही प्रोग्रॅम अडला की सगळे त्यांच्याकडेच धावायचे.

त्यांचा विषय एकच होता. कॅमेरा हलवत हलवत एखाद्या वस्तूची चित्रं घ्यायची आणि त्या सपाट चित्रांवरून ती वस्तू कॉम्प्युटरवर पुन्हा उभी करायची, चहू बाजूंनी बघता येईल अशी. सिलॅबसमध्ये त्यावर जेमतेम अर्धा धडा होता. सर तो अख्खं सेमिस्टर शिकवायचे आणि बाकीचे धडे पोरं गाइड वाचून काढायची. "जाग्यावर उभं राहून मान फिरवली तर काय बी कळत न्हाई. दोन पावलं सरका," हे त्यांचं पालुपद. सगळा वर्ग उठवून ते खिडक्यांशी न्यायचे आणि बाहेर बघत भिंतीच्या कडेनं चालायला लावायचे. जवळचा कडुलिंब भराभर मागे जातो, पाण्याची टाकी हळूहळू जाते, पलीकडची टेकडी जागची हलत नाही. कोण किती सरकलं यावरून कोण किती लांब ते कळतं. झालं, एवढंच आहे, बाकी नुसतं गणित, असं म्हणून ते हात झटकायचे. गणितच येत नाही म्हणून रडणारी पोरं यावर काय बोलणार.

मी तेव्हा मुदखेडहून रोज रेल्वेनं येत असे. एका संध्याकाळी सर माझ्याबरोबर गाडीत चढले. मुदखेडला काय काम काढलं, असं विचारलं तर म्हणाले, काम काही नाही, गाडी हलते म्हणून आलो. खिडकीशी बसून त्यांनी एक डोळा मिटला आणि मलाही मिटायला लावला. माणसाला दोन डोळे आहेत ही चैन आहे, कॅमेऱ्याला एकच असतो, आणि एकाच डोळ्यानं लांब-जवळ कळायचं तर हललंच पाहिजे, असं ते समजावत होते. समोर शेंगा सोलत बसलेल्या बाईंनी आधी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि पदर स्वतःच्या डोळ्यांवर ओढून घेतला. तेव्हा डोळे येण्याची साथ होती. मुदखेडला उतरून सर पलीकडच्या फलाटावर गेले आणि मिळाली त्या गाडीनं परत गेले. घरी मी हे सांगितलं तर आईनं एवढंच विचारलं, लग्न झालंय का त्यांचं. नाही म्हटल्यावर "मग बरोबर" म्हणून ती कणीक मळायला लागली. काय बरोबर, ते मला कळलं नाही.

आणि एकदा कॉलेजच्या तपासणीला समिती आली. इमारतीचं मॉडेल पडद्यावर गोल फिरवून दाखवलं तर छाप पडेल, असं प्राचार्यांच्या डोक्यात आलं. सर मोबाइल छातीशी धरून कितीतरी दिवस इमारतीभोवती खेकड्यासारखे आडवे चालत होते. समितीसमोर मॉडेल आलं. छान फिरत होतं, रंगही हुबेहूब उतरला होता. फक्त तीनमजली कॉलेज दुमजली झालं होतं. आमच्या सगळ्या खिडक्या एकसारख्या, तीच जाळी, तोच पिवळा रंग. प्रोग्रॅमला दुसऱ्या मजल्याची खिडकी आणि तिसऱ्याची खिडकी एकच वाटली आणि त्यानं एक मजला दुसऱ्यावर बसवून टाकला. समितीतल्या एका साहेबांनी शांतपणे सांगितलं की कागदोपत्री तीन मजले आहेत. प्राचार्यांना घाम फुटला. विषय बदलायचा म्हणून ते घाईनं म्हणाले, सर, मॉडेलवरून इमारतीची उंची किती येते ते सांगा साहेबांना.

सर डोलले. "ते तुमच्या मर्जीवर हाय," म्हणाले. "बुटाच्या खोक्याएवढी म्हणा, न्हाईतर बालाघाटाच्या डोंगराएवढी म्हणा. चित्रांवरून आकार येतो, माप येत न्हाई."

मला वाटलं, हे आता साहेबांची फिरकी घ्यायला लागले. पण ते खरं होतं, पुढे मीच ते पोरांना शिकवलं. छोट्या खेळण्याभोवती कॅमेरा जरासा फिरवला काय आणि मोठ्या इमारतीभोवती पुष्कळ फिरवला काय, चित्रं तीच निघतात. त्यातल्या एका तरी गोष्टीची लांबी आपल्याला बाहेरून ठाऊक असावी लागते. एक दार, एक वीट, काहीही चालतं. तेवढं एक माप मिळालं की बाकीची सगळी मापं आपोआप सुटतात. म्हणून सरांच्या खिशात कायम स्टीलचा टेप असायचा. बाकं, वर्गातले फळे, कँटीनच्या बरण्या, माझा जेवणाचा डबा, सगळं त्यांनी मोजून ठेवलं होतं. कशाला म्हटलं तर म्हणायचे, कधी लागेल सांगता येत नाही.

एका दिवाळीच्या सुट्टीनंतर ते पेनड्राइव्ह घेऊन माझ्या टेबलाशी आले. निलंग्याला दिलेल्या त्यांच्या बहिणीकडे तिच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट सापडली होती. कॅसेटला बुरशी चढली होती. लातूरला गंजगोलाईजवळ जुन्या कॅसेटी उतरवून देणारा एक जण आहे, त्यानं ती पुसूनपासून उतरवून दिली होती. "तुमचा हात बसलेला हाय, मॅडम. जरा मदत करून द्या," एवढंच ते म्हणाले. बहिणीसाठी चांगली प्रत काढायची असेल, असं समजून मी हो म्हटलं.

सरांचं गाव किल्लारीच्या पलीकडचं. त्र्याण्णवच्या भूकंपात ते गेलं आणि आता त्याच नावाचं नवं गाव दूर माळावर वसलंय. बहिणीचं लग्न भूकंपाच्या आधीच्या उन्हाळ्यातलं, जुन्या गावातलं. लग्नाआधी नवरदेवाला घोड्यावर बसवून वाजतगाजत मारुतीला नेतात, आमच्याकडे त्याला परण्या म्हणतात. त्या परण्याचं सगळं शूटिंग कॅसेटमध्ये होतं. शूटिंगवाला जड कॅमेरा खांद्यावर घेऊन, घोड्याच्या पुढं, उलटा चालत गेला होता. सर ते पुन्हा पुन्हा बघायचे आणि म्हणायचे, हा माणूस थांबला न्हाई, बघा, कुठंच थांबला न्हाई. त्यांनी कुणाची एवढी तारीफ केलेली मी ऐकली नव्हती. मिक्सिंगवाल्यानं मात्र घात केला होता. मधूनच अख्खं गाव एका गुलाबाच्या फुलात जायचं, मधूनच आकाशात बदाम यायचा आणि बदामात नवरी. ती चित्रं आम्ही वेचून बाहेर काढली.

यातून काढायचं काय, असं मी विचारलं. गल्ली, ते म्हणाले. पारापासून आमच्या दारापर्यंतची गल्ली. कशाला ते सांगितलं नाही. खोटं कशाला बोलू, तिथं सोनंनाणं पुरलेलं असेल, अशीही शंका माझ्या मनात येऊन गेली.

कॉलेज सुटल्यावर आम्ही लॅबमध्ये बसायचो. हळूहळू ठिपक्याठिपक्यांनी गल्ली उभी राहायला लागली. गंमत अशी की प्रोग्रॅम एक गोष्ट गृहीत धरतो, हलतो तो फक्त कॅमेरा, जग जागच्या जागी असतं. जे स्वतः हलतं त्याचे ठिपके एका चित्रातून दुसऱ्या चित्रात जुळत नाहीत आणि तो ते टाकून देतो. त्यामुळे घोडा गेला, नवरदेव गेला, हलगीवाले गेले, नाचणारे गेले, माळवदाच्या सपाट छपरावरून वाकून बघणाऱ्या बायका गेल्या. उरल्या त्या दगडी भिंती, ओटे आणि माळवदं. लग्नातून लग्न निघून गेलं आणि गाव रिकामं दिसायला लागलं. मला ते बघवेना. सर मात्र खुशीत होते, रोज नवीन भिंत आली की चहा सांगायचे. ज्याचं गाव असं गेलं, त्याला ते असं रिकामं बघून आनंद कसा होतो, हे माझ्या डोक्यात शिरत नव्हतं.

मग साफसफाईचं काम आलं. चुकून उरलेले ठिपके पुसायचे होते. सरांच्या दाराच्या चौकटीशी, बाहेरच्या दगडावर, ठिपक्यांचा एक ढीग होता. धान्याचं पोतं टेकवून ठेवलेलं असावं तसा. मी तो निवडला आणि विचारलं, हे पोतं काढून टाकू का.

सर डोलायचे थांबले. ते मी पहिल्यांदाच बघितलं.

"राहू द्या," ते म्हणाले. "ती आई हाय."

मग त्यांनी सांगितलं, आणि सांगताना ते पडद्याकडे बघत होते. वडील आधीच गेले होते. आई नवरीची आई होती खरी, पण विधवा, परण्या दारावरून जाताना तिनं पुढं यायचं नाही. म्हणून ती दाराबाहेरच्या दगडावर अंग चोरून बसली. मिरवणूक अख्खी तिच्यासमोरून गेली आणि तिनं मानसुद्धा हलवली नाही. गावातलं बाकी सगळं माणूस हललं म्हणून पुसलं गेलं होतं, आणि एक तीच उरली होती. मला भयंकर राग आला. कुणाचा आला, ते मात्र कळेना.

भूकंप झाला तो गणपती विसर्जनानंतरच्या पहाटे. सर तेव्हा कॉलेजात शिकत होते आणि सणाला घरी आले होते. मित्रांबरोबर पारावरच आडवे झाले होते. थोरला भाऊ बहिणीकडे निलंग्याला गेला होता. आई घरात एकटी. भिंती रुंद दगडांच्या होत्या, त्या आत कोसळल्या. भाऊ दुसऱ्या दिवशी पोचला. सगळं झाल्यावर त्यानं यांना एकच विचारलं, "पारापासून दार किती लांब होतं रे?" यांना उत्तर देता आलं नाही. भावाच्या मते गल्ली नाकासमोर सरळ होती, पारावरून खाकरलं तर घरात ऐकू जायचं, मनात असतं तर तू पोचला असतास. सरांना आठवायचं ते वेगळंच. गल्ली लांब होती, वळणावळणाची होती, ते उठून पळाले होते, पण धुळीत त्यांना गल्लीचं तोंडच सापडलं नव्हतं. तेव्हापासून दोघा भावांत बोलणं नव्हतं. काही सांगायचं असलं तर बहिणीकरवी.

मी म्हटलं, सर, भूकंपात कुणाच्या हातात काही असतं का. तुम्ही कशाला स्वतःला लावून घेता.

"तेच तर बघून राहिलो," ते म्हणाले. "हातात होतं का न्हवतं."

गल्ली पुरी झाली तेव्हा ती भाऊ म्हणत होता तशी सरळ नव्हती आणि सर म्हणत होते तशी वळणांचीही नव्हती. मध्ये एकच बाक होता. एवढ्यावर कोण बरोबर आणि कोण चूक, मला ठरवता येईना. आणि अंतर तर येणारच नव्हतं. आकार आला होता, माप आलं नव्हतं. त्या गावातलं मोजता येईल असं काहीच उरलं नाही का, असं मी एक दिवस सहज विचारलं. त्यांनी चित्र दाराशी आणून थांबवलं. मग म्हणाले, चौकट आहे. ढिगाऱ्यातून भावानं दाराची सागवानी चौकट ओढून काढली होती आणि नव्या गावात आपल्या गोठ्याला बसवली होती. कॅसेटमध्ये ती स्वच्छ दिसत होती, आईच्या शेजारीच.

माझं डोकंच चालेना. जगातली बरणी न् बरणी मोजणारा हा माणूस, आणि ज्या एका मापावर सगळं अडलं होतं ते लातूरच्या पुढं, एसटीनं जाऊन यायच्या अंतरावर उभं होतं. मग इतके दिवस थांबलात कशाला, मी विचारलं. "जायचं म्हणून राहिलो," ते म्हणाले. असं ते पुढच्या दिवाळीपर्यंत म्हणत होते. शेवटी म्हणाले, मॅडम, तुम्ही येता का. मी का गेले, तेही मला नीट सांगता येणार नाही.

नांदेडहून लातूरपर्यंत बस आणि पुढे जीप. सर वाटभर खिडकीशी बसूनही बाहेर बघत नव्हते. भाऊ गोठ्यात वैरण टाकत होते. डोक्यावर टोपी, दाढीचे खुंट पांढरे. त्यांनी धाकट्याकडे बघितलं, "आलास," म्हणाले, आणि हातातली पेंढी टाकली. वहिनींनी पाणी आणलं. मी कॉलेजातली आहे, एवढं सांगून झालं. मग सरांनी पेंडीच्या पोत्यावर लॅपटॉप ठेवला आणि उघडला.

भावाला आधी काही उमगलं नाही. ठिपके ठिपके काय दाखवून राहिला, अशा नजरेनं ते बघत होते. सरांनी चित्र हळूहळू पुढे नेलं. पार आला, गल्ली आली, बाक आला, दार आलं. भाऊ पुढे वाकले. मग डावीकडे झुकले, मग उजवीकडे. पुन्हा डावीकडे. थेट सरांसारखेच डोलत होते ते, आणि माझ्या लक्षात आलं की त्या ढिगाच्या पलीकडून तोंड दिसतं का, ते बघताहेत.

"आई हाय का रे ही?"

"हाव."

भावानं टोपी काढली, पुन्हा घातली. मग लॅपटॉपकडे बघतच त्यांनी तो प्रश्न विचारला. "मग किती हाय? पारापासून दार?"

सरांनी खिशातून टेप काढला. मला वाटलं, आता हे चौकटीकडे जाणार. त्यांनी तो भावाच्या तळहातावर ठेवला. "चौकट तुझ्याकडं हाय, दादा. तूच माप. त्यावरून लगेच निघतंय."

भाऊ टेप घेऊन चौकटीशी गेले. पट्टी ओढून त्यांनी एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत धरली. आमच्याकडे त्यांची पाठ होती, आकडा फक्त त्यांना दिसत होता. ते तसेच उभे राहिले. सर माझ्या शेजारी उभे होते आणि त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. मला वाटत होतं, बोला काहीतरी, एवढी वर्षं या माणसानं या एका आकड्यासाठी घालवली आहेत. भावानं पट्टी सोडली. ती खाडकन आत गेली, म्हैस दचकली. त्यांनी टेप आणून सरांच्या हातात दिला.

"जेवून जा," ते म्हणाले. आणि घराकडे तोंड करून, "भाकरी टाका वो."

सरांनी आकडा विचारला नाही. खरं सांगते, मला विचित्र वाटलं, थोडा वैतागही आला. आम्ही ओसरीवर जेवायला बसलो. पिठलं, भाकरी, जवसाची चटणी. दोघं भाऊ बोलत होते, पण कशावर, तर सोयाबीनला भाव नाही आणि बहिणीचे गुडघे धरलेत यावर. कुणी कुणाला माफ केलं, की कुणी कुणाला कधी दोष दिलाच नव्हता असं ठरलं, मला काही कळलं नाही. सरांनी ताटातली भाकरी संपवून आणखी मागून घेतली. त्यांना असं जेवताना मी कधी बघितलं नव्हतं.

हात धुवायला मी गोठ्याकडे गेले तेव्हा चौकटीला वीत लावली. मनात काही ठरवून नाही, त्या माणसाच्या शेजारी बसून बसून लागलेली खोड होती ती. या खांबापासून त्या खांबापर्यंत वीत टाकत गेले आणि परत फिरले.

परतताना लातूरच्या स्टँडवर आम्ही नांदेडच्या बसची वाट बघत होतो. सर समोर बघत म्हणाले, "चौकटीला वीत लावली तुम्ही. बघितलं मी."

मी हाताची मूठ मिटून घेतली.

"मला सांगू नका," ते म्हणाले. मी बरं म्हटलं.

नंतर ते लातूरकडच्या एका कॉलेजात गेले. सणावाराला गावी जातात, असं कानावर येतं. तिथली पोरं त्यांना काय म्हणतात माहीत नाही.

आकडा मी काढला. माझी वीत पट्टीवर मोजली, मॉडेलमधल्या प्रमाणानं एक गुणाकार केला, झालं. एका रविवारी कॉलेजच्या लांब व्हरांड्यात मी तेवढं अंतर खडूनं आखलं. एका टोकाला पार, एका टोकाला दार. आधी ते चालून बघितलं, तर वाटलं, हे काय, एवढंसं तर आहे. मग डोळे मिटून पळून बघितलं आणि अर्ध्यातच भिंतीला धडकले. उठून पुन्हा चालले, पुन्हा पळाले. सुट्टीच्या दिवशी क्रिकेट खेळायला आलेली पोरं खालून बघत होती आणि त्यांच्यातलं कुणीतरी टिकटिक करत होतं. आकडा माझ्याकडे आहे, अगदी बरोबर आहे. पण ते दार लांब होतं की जवळ होतं, मला अजून सांगता येत नाही.